‘आजी, तुम्ही बाहेर बाकावर बसा’

माननीय संपादकसाहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपराबरोबर मे महिन्यात उन्हाळी शिबिरांची पुरवणी आलेली, ती मी अजून रद्दीत टाकलेली नाही. त्यात गाणं, पेटी, तबला, कीबोर्ड असल्या क्लासच्या जाहिराती होत्या आणि प्रत्येकीच्या खाली एक ओळ होती, वयोगट ५ ते १५. एकीत ५ ते १८ होतं, ते बघून मला उगाचच बरं वाटलं. मी ५७ वर्षांची आहे. शिरोड्याच्या जवळ आमचं घर, दोन खोल्या पर्यटकांना देतो, नवरा एसटीतून रिटायर झालाय, मुलगी पुण्याला. आणि मला गाणं शिकायचंय. हे एवढं वाक्य चारचौघात बोलायला मला दोन वर्षं लागली, त्यामुळे पत्र लांबलं तर सांभाळून घ्या, कापायचंच असेल तर शेवटून कापा.

तुम्ही म्हणाल शिका की, कोण अडवतंय. अडवत कोणीच नाही, तीच तर गंमत आहे. मी गेले होते ना. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये तालुक्याच्या गावी एका क्लासला नाव घालायला गेले (क्लासचं नाव सांगत नाही, सर भला माणूस आहे), दारात चपला काढल्या, आत बारा-पंधरा पोरं सतरंजीवर, आणि मी उंबऱ्यात पाय टाकते न टाकते तोच सर पेटीवरून मान न उचलता म्हणाले, ‘आजी, तुम्ही बाहेर बाकावर बसा, सहाला सुटेल.’ त्यांना वाटलं मी नातवाला न्यायला आलेय. आणि मी बसले! खरंच जाऊन बसले बाकावर, अर्धा तास, शेजारी दोन खऱ्याखुऱ्या आज्या होत्या, त्यातल्या एकीने मला विचारलं पण, तुमचा कितवीत आहे. सहाला सर बाहेर आल्यावर कसंबसं सांगितलं की नातू बितू कोणी नाही, मलाच शिकायचंय. ते बिचारे एवढे ओशाळले की पहिल्या महिन्याची फीच घेईनात. शेवटी मुलांइतकीच ठरली, महिना पाचशे, आणि दुसऱ्या दिवसापासून मी सतरंजीवर, एका बाजूला तिसरीतली एक पोर आणि दुसऱ्या बाजूला चौथीतला एक मुलगा, ज्याच्या खिशात कायम आमसुलं असायची आणि अलंकार, म्हणजे स्वरांचे पलटे, म्हणताना तो ती चोखायचा.

तिथे मी साडेतीन महिने टिकले. का सोडलं ते सांगते, कारण माझी तक्रार सरांबद्दल नाही, सगळी मांडणीच लहान मुलांच्या मापाची शिवलेली आहे त्याबद्दल आहे.

पहिली गोष्ट पट्टीची. क्लासची पेटी काळी चारला (म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी सा धरून) लावून सगळी पोरं गायची, मुलांना ती सोयीची. मी पण लहानपणी शाळेच्या प्रार्थनेत त्याच पट्टीत गायचे. आता मध्य सप्तकातला पंचम येईपर्यंत ठीक, पुढे धैवत लागला की गळ्यात काटा अडकल्यासारखं व्हायचं, आणि तार सा तर नुसता श्वास. मला वाटलं गळा गेला. घरी रडले पण. नंतर घशाच्या डॉक्टरांना दाखवलं तर ते हसून म्हणाले, अहो, पाळी गेल्यावर बायकांचा आवाज खाली येतोच, तुमच्या घशाला काही झालेलं नाही. संपादकसाहेब, ही गोष्ट मला ५५ वर्षांत कोणी सांगितलेली नव्हती, ना आईने, ना मैत्रिणींनी. मुलग्याचा आवाज फुटतो तेव्हा सगळं घर हसतं, आमचा खाली उतरतो तेव्हा कोणाच्या कानावरही येत नाही. मग मोबाईलवर तंबोऱ्याचं अॅप टाकलं आणि स्वयंपाकघरात दार लावून एकेक पट्टी खाली येत गेले. काळी चार, पांढरी पाच, काळी तीन, पांढरी चार. पांढरी चारला आले आणि बसला आवाज, वर तार सा पण आला, खाली मंद्र पंचम पण घरच्यासारखा. मोजून तीन पट्ट्या खाली, बास. पण क्लासात पंधरा पोरांसाठी एक पट्टी, एका बाईसाठी सगळ्यांनी खाली यायचं कसं, आणि सरांनी मला वेगळं घ्यायचं तर वेळ कुठला, त्यांच्या डोक्यावर डिसेंबरची परीक्षा.

परीक्षा, ही दुसरी गोष्ट. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा सगळ्यांना माहीत आहेत, प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार, अशी ती शिडी. चांगलीच आहे, त्या शिडीमुळे गावोगाव गाणं पोचलं हे मी नाकारत नाही. पण पोरांना सर्टिफिकेट लागतं, त्यांच्या आईबापांना तर त्याहून जास्त लागतं. मला त्याचं काय करायचंय, फ्रेम करून पर्यटकांच्या खोलीत लावू? वरच्या वयाची अट तिथे नाही, हे खरं. पण अट नाही म्हणजे जागा आहे असं नसतं. मुलं भूप रागाचे स्वर, आरोह-अवरोह, वादी-संवादी दोन दिवसांत पाठ करून मोकळी, मला तीन आठवडे लागले. सा रे ग प ध, पाच तर स्वर, पण दुपारी भांडी घासताना म्हणायला जावं तर मध्येच मध्यम येऊन बसायचा आणि भूपाचं भलतंच काहीतरी व्हायचं.

आणि मग एक दिवस काय झालं, सरांनी तीनताल लावला आणि म्हणाले, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे येते तिथे टाळी द्या. पोरांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली, एक दोन तीन चार, सोळापर्यंत जाऊन परत एक, तोपर्यंत तबला कुठच्या कुठे. मी डोळे मिटले आणि टाळी बरोबर पडली. दुसऱ्यांदा पण. तिसऱ्यांदा सरांनी मध्ये तुकडा टाकून मुद्दाम फसवायला बघितलं, तरी पडली. ते म्हणाले कुठे शिकलात. कुठे शिकणार, शिकले नाहीच. पण आमच्या गावात गणपतीत डबलबारी व्हायची, दोन बुवा समोरासमोर, पहाटेपर्यंत, आणि वडिलांच्या मांडीवर झोपून मी ते ऐकलंय, बुवा गजर चढवत चढवत कुठे येऊन आदळणार हे झोपेत पण कळायचं, भजनी ठेक्याच्या आठ मात्रा हाडात बसलेल्या. जत्रेत दशावतार, पायपेटी आणि मृदंग आणि झांज, रात्र रात्र. मला मात्रांचे आकडे सांगता येत नव्हते, पण मात्रा येत होत्या.

मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे बघा. लहान मूल क्लासात येतं तेव्हा त्याचा कान कोरा असतो, म्हणून त्याला सा पासून सुरुवात करून देतात, बरोबर आहे. आम्ही पन्नाशी-साठीची माणसं येतो तेव्हा आमचा कान भरलेला असतो, चाळीस-पन्नास वर्षांची भजनं, नाट्यगीतं, रेडिओ, पालखीचे ढोल, सगळं आत पडलेलं असतं, फक्त त्याला नावं नसतात. आम्हाला आधी ऐकायला शिकवा. जे आत आहे त्याला नाव द्या. मग गळा, मग बोटं. आणि क्लास सगळे उलट चालतात, आधी गळा, मग परीक्षा, आणि ऐकणं कधीच नाही.

हे काही माझं नवीन डोकं नाही. मुंबईत १८७० साली पारशी मंडळींनी गायन उत्तेजक मंडळी काढली होती, कामधंदा करणारी मोठी माणसं तिथे गाणं ऐकायला, शिकायला जमायची, आणि पंडित भातखंडे, ज्यांच्या दहा थाटांची घोकंपट्टी आमची पोरं करतात, ते तरुणपणी वकिलीचा अभ्यास करता करता तिथेच जायचे. वकील होते हो ते! पुढे वकिली सोडून देशभर फिरले आणि बंदिशी गोळा केल्या. आपल्याकडे संध्याकाळचा मोठ्यांचा क्लास दीडशे वर्षांपूर्वी होता, आणि आज माझ्या तालुक्यात नाही.

तर क्लास सोडला. गावात बातमी फिरायला वेळ लागत नाही, बाजारात एक मासेवाली मला म्हणाली, ‘काय गो वैनी, गाणा सोडलंस? बरा केलंस, ह्या वयात तुका कित्या होया ता.’ तिचा हेतू वाईट नव्हता. सुरमई पण तिने त्या दिवशी स्वस्त दिली, बहुतेक माझी कीव आली असावी.

त्यानंतर जे सुरू झालं ते ठरवून नाही झालं. आमच्या महिला भजनी मंडळातल्या दोघीजणी, वाचनालयातले एक रिटायर मास्तर, बंदरावरचा एक ट्रॉलर चालवणारा मुलगा (मुलगा म्हणजे चाळिशीचा), आणि एक म्हातारबाबा जे पूर्वी दशावतारात पायपेटी वाजवायचे, असे आम्ही शनिवारी संध्याकाळी आमच्या खळ्यात बसायला लागलो, पावसात पडवीत. पुण्याहून आमची मुलगी एक स्पीकर देऊन गेलेली, तो मध्ये ठेवायचा. नियम एकच, एकदा गाणं लावलं की बोलायचं नाही, चहा पण नाही. एकच यमन राग, वीस मिनिटं, तीन वेळा. पहिल्यांदा फक्त सम शोधायची. दुसऱ्यांदा तंबोऱ्याचा सा धरून ठेवायचा, मनात, गाणारा कुठेही गेला तरी. तिसऱ्यांदा त्या तीव्र मध्यमावर लक्ष ठेवायचं, तो कुठून येतो आणि कुठे जाऊन टेकतो. पहिल्या शनिवारी मास्तरांना झोप लागली. चौथ्या शनिवारी तेच मास्तर मध्येच हात वर करून थांबवा थांबवा म्हणाले, आत्ता त्याने पंचम चोरला! आणि खरंच, गायक पंचम टाळून गेलेला. मास्तर एवढे खूश झाले की बायकोला फोन लावला.

म्हातारबाबांना नोटेशन वाचता येत नाही, रागांची नावं पण अर्धी माहीत. पण गाणं लावून पाच-सहा सेकंद झाली की त्यांची बोटं मांडीवर चालायला लागतात. एकदा मी म्हटलं, बाबा, ह्याला यमन म्हणतात, तर म्हणाले, ‘म्हणांदे. ह्या चालीर मिया चाळीस वर्सां राजाक मंचार आणलंय.’ त्यांनीच आम्हाला दाखवलं, भूपाचा गंधार नुसता कोमल केला की सगळं गाणं रडायला लागतं. मागून पुस्तकात बघितलं, तो शिवरंजनी. पुस्तकात वाचला असता तर विसरले असते, त्यांच्या बोटाखाली बघितला तो जन्मात विसरायची नाही.

केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे, १९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर यानाबरोबर जी तबकडी अंतराळात पाठवली तिच्यावर ती आहे. केसरबाई केरीच्या, आमच्या तेरेखोलजवळचं केरी नव्हे, फोंड्याकडचं, हे सांगितल्यावर ट्रॉलरवाला थोडा नाराज झाला. ती भैरवी आम्ही एका शनिवारी लावली, वीज गेलेली, स्पीकर चार्ज होता तेवढ्यावर. कोणी काही बोललं नाही नंतर. मग बाबा म्हणाले परत लाव.

आता पियानो. हे ऐकून तुम्हाला हसू येईल, शिरोड्याच्या बाईला पियानो. मुलीने कॉलेजात असताना कीबोर्ड घेतलेला, ६१ पट्ट्यांचा, तो कपाटावर पडून होता. माझ्या वडिलांची पेटी माझ्याकडे आहे, भजनात मी दोन-तीन चाली वाजवते, म्हटलं हे तर तेच आहे, आडवी पेटी. बसले वाजवायला. उजवा हात बरोबर, आणि डावा हात? डावा हात आपोआप मागे जायचा, भाता मारायला! अहो हसू नका, चार दिवस माझा डावा हात हवेत भाता मारत होता. गोव्यात म्हापशाकडे एक वयस्कर बाई शिकवतात असं एका पर्यटकाने सांगितलं, सगळे त्यांना टीचरच म्हणतात, त्यांच्याकडे पावसाळ्यातले चार महिने दर बुधवारी गेले. त्यांच्या हॉलमध्ये खरा पियानो, उभा, त्यांच्या आईच्या वेळचा. पहिल्याच दिवशी माझा डावा हात हलला तसं त्या म्हणाल्या, ‘बाय, हांगा भातो ना गो.’

आणि तो पियानो! झाकण उघडून त्यांनी आतलं दाखवलं. पट्टी दाबली की आत एक नमद्याची हातोडी उडी मारून तारेवर आदळते आणि लगेच मागे येते. ८८ पट्ट्या, दोनशेहून जास्त तारा, आणि त्या सगळ्या तारांचा मिळून ताण पंधरा-वीस टनांचा, म्हणून आत लोखंडाची चौकट. पेटीचा सूर वारा आहे तोवर चालू राहतो, पियानोचा सूर वाजला की मरायलाच लागतो, म्हणून वाजवणारा पुढच्या सुराची घाई करत नाही, मरताना ऐकतो. निदान टीचर तरी तसं वाजवायच्या. पावसात आतलं लाकूड फुगतं, तारांना गंज धरतो, म्हणून त्यांनी आत खाली एक ४० चा बल्ब लावून ठेवलेला, जून ते सप्टेंबर दिवसरात्र चालू. मी घरी येऊन वडिलांच्या पेटीच्या कपाटात तसाच बल्ब लावला. नवऱ्याने विचारलं अंडी उबवतेयस का.

एक फजिती सांगते, फार वेळ घेत नाही. मुलीने कीबोर्डच्या पट्ट्यांवर स्टिकर लावलेले, इंग्रजी पद्धतीने, त्यात पांढरी एक म्हणजे सी. टीचर जुन्या गोव्यातल्या चर्चच्या शाळेत शिकलेल्या, पोर्तुगीज पद्धत, दो रे मी फा सोल ला सी. त्यांनी सांगितलं डावा अंगठा सी वर ठेवून घरी आठवडाभर सराव कर. मी केला, इमानेइतबारे, रोज पाऊण तास. बुधवारी जाऊन वाजवलं तर टीचरनी कान झाकले. त्यांचा सी म्हणजे आमची पांढरी सात, स्टिकरचा सी म्हणजे पांढरी एक. आठवडा फुकट. तेव्हापासून आम्ही दोघी काळी-पांढरीतच बोलायला लागलो, त्यांना ते आवडलं, म्हणाल्या हे सगळ्यात साधं.

त्या चर्चच्या शाळांबद्दल टीचर बरंच सांगायच्या. पोर्तुगीज काळात गोव्यात गावोगावच्या चर्चला गाण्याची शाळा असायची, पोरं सोल्फेज (नोटेशन बघून स्वर म्हणणं) आणि व्हायोलिन शिकून बाहेर पडायची, आणि म्हणून मुंबईच्या हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात एवढे गोवेकर होते, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस काय, सेबास्टियन डिसूझा काय. तेरेखोल नदी ओलांडली की ते सगळं संपतं. आमच्याकडे भजनाची परंपरा तेवढीच दांडगी आहे, पण ती बुवाकडून बुवाकडे जाते, शाळा नाही. आणि बायकांकडे तर फार उशिरा आली, माझ्या वडिलांनी मला पेटीला हात लावू दिला तो मी सातवीत असताना, आणि तोही पुसायला.

पेटीवरून आठवलं, आपल्या आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीला बंदी घातलेली, कारण तिच्या पट्ट्या ठोकून बसवलेल्या, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, गळ्याबरोबर श्रुती (सुरांमधले बारीक फरक) जुळत नाहीत. पियानोची पण तीच गोष्ट, सप्तकाचे बारा सारखे तुकडे. आमच्या शनिवारच्या बैठकीत ह्यावर जोरदार भांडण झालं, मास्तर बंदीच्या बाजूने आणि बाबा विरुद्ध, आणि बाबांनी पेटी ओढून असा काही भैरवीचा कोमल रिषभ लावला, भाता जरा दाबून, की मास्तर गप्प. मला वाटतं दोघांचं पण बरोबर होतं. मोठ्यांच्या क्लासात शिकवायला ह्याहून चांगला धडा कुठला, पण कुठल्याही सिलॅबसमध्ये तो नाही.

आता कोणी म्हणेल यूट्यूबवर सगळं फुकट आहे. आहे. मी पण बघते. पण यूट्यूब मला ऐकत नाही ना, मीच त्याला ऐकते. अॅपवरची सुई सांगते तू खाली आहेस, का खाली आहे ते सांगत नाही. टीचरनी एकदाच माझ्या मनगटाखाली बोट धरलं आणि म्हणाल्या ढिला सोड, आणि भजन मंडळातल्या एका बाईने गाताना मला सांगितलं, अगो, हनुवटी वर करू नको, देवळाचा कळस बघतेस काय. ह्या दोन वाक्यांनी जेवढं झालं तेवढं सहा महिन्यांच्या व्हिडिओंनी झालं नाही.

वेळेचं पण बोलायलाच हवं. सगळी शिबिरं मे महिन्यात, शाळांना सुट्टी म्हणून. आणि मे महिन्यात कोकणातला मोठा माणूस काय करत असतो? आंबा काढतो, पेट्या भरतो, काजू गोळा करतो, फणसाची साठं घालतो, पर्यटकांना जेवण वाढतो, मुंबईकर पाहुण्यांच्या गाद्या घालतो. आम्हाला मरायला फुरसत नसते. आमची सुट्टी जूनला लागते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद, ट्रॉलर बंदरात, आंबा संपलेला, खोल्या रिकाम्या. लावणीचे पंधरा-वीस दिवस सोडा, पण गणपतीपर्यंत माणसं घरी असतात, पावसाकडे बघत. मोठ्यांचा क्लास तेव्हा ठेवा ना. आणि बायकांसाठी वेळ दुपारी तीन ते साडेचार, संध्याकाळी सहा नको, सहाला देवाजवळ दिवा, चूल, सगळं आमच्याच गळ्यात. वीज जाते हे खरं, डिजिटल पियानो तेव्हा नुसतं टेबल, पण पेटीला वीज लागत नाही, गळ्याला तर नाहीच.

जागेला खर्च नाही. जिल्हा परिषदेच्या शाळा संध्याकाळी बंद असतात, वाचनालयांचे हॉल आहेत, देवळाच्या धर्मशाळा आहेत. एक पेटी, एक तबलाजोडी, एक स्पीकर. शिकवणारे पण आहेत, आमच्या म्हातारबाबांसारखे, ज्यांच्याकडे सर्टिफिकेट नाही म्हणून कोणी विचारत नाही. महिन्याला त्यांना चार पैसे मिळाले तर त्यांचं औषध तरी सुटेल. नगरपरिषदेने, वाचनालयांनी, कोणीतरी मनावर घ्यावं आणि तुम्ही पेपरात ते लावून धरावं, एवढंच माझं मागणं आहे. परीक्षा हवी त्याला देऊ दे, नको त्याला नुसतं ऐकायला बसू दे.

सरांची बाजू पण सांगते नाहीतर अन्याय होईल. आम्ही मोठी माणसं काही साधी नसतो. तिसऱ्या दिवशीच विचारतो नाट्यगीत कधी शिकवणार. सराव करत नाही आणि कारणं मात्र तयार, कोणाचं लग्न, कोणाचं बारसं, सत्यनारायण, गुडघा. चुकलं की चूक दुरुस्त करायच्या आधी पाच मिनिटं सॉरी सॉरी म्हणत बसतो, पोरं अशी नाहीत, ती चुकतात आणि पुढे जातात. तिसरीतल्या त्या पोरीकडून मी हे शिकले. ती ह्या डिसेंबरला प्रवेशिकेला बसतेय, परवा भेटली बाजारात, आजी तुम्ही का येत नाही म्हणाली. बाकावर बसायला नाही, आत, असं पण म्हणाली.

तर जूनच्या पहिल्या शनिवारपासून आमचं परत सुरू होतंय, ह्या वेळेला मास्तरांनी वाचनालयाचा हॉल मागितलाय, मिळाला तर तिथे नाहीतर आमची पडवी आहेच. तुमचा वार्ताहर पाठवा, पण गाणं चालू असताना फोटो काढायचा नाही. आणि मगाशी म्हटलं शेवटून कापा, ते हे सोडून कापा. वडिलांच्या पेटीची काळी तीन गेल्या पावसापासून अडकते, बल्ब लावून पण सुटली नाही, दाबली की खालीच राहते आणि भाता थांबेपर्यंत ओरडत बसते. पेट्या दुरुस्त करणारे आमच्या भागातले एकच होते, ते गेले. सावंतवाडीपासून मालवणपर्यंत दुसरं कोणी असेल तर कृपया वाचकांनी तुमच्या कार्यालयात कळवावं, मी फोन करून विचारून घेईन.

नाव छापू नका. तसं शिरोड्यात सगळ्यांना कळेलच.

आपली,
एक वाचक, ता. वेंगुर्ला